टॉवेल कारखान्याचा सर्व्हर : मेमरी आणि स्वॅपच्या नोंदी

५ जानेवारी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना. काम ठरलं ते असं: संध्याकाळी माल भरायच्या वेळी सर्व्हर अडतो. तो का अडतो ते शोधायचं, आणि पुढच्या वेळी अडण्याआधी कळेल अशी देखरेख बसवून द्यायची.

मशीन साधं आहे. डेबियन लिनक्स, ८ जीबी रॅम, २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की तिच्यातला न वापरलेला भाग ठेवायची डिस्कवरची जागा), ७२०० आरपीएमची फिरती हार्ड डिस्क. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि जावात लिहिलेला ऑर्डर, गाठी, चलन यांचा प्रोग्राम. प्रोग्राम बाहेरच्या एका कंपनीनं बसवून दिलाय.

स्वॅप ८० टक्क्यांच्या वर गेला की मालकांच्या फोनवर इशारा येतो, अशी सोय आधीपासून आहे. तो रोज येतो. दुपारी येतो, रात्री दोनला येतो, रविवारी कारखाना बंद असतानाही येतो. साहजिकच आता तो कुणी उघडून बघत नाही. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. मशीन अडतं त्याचा इलाज होईल, पण ज्या इशाऱ्यावरचा विश्वास उडाला तो असून नसल्यासारखा.

सकाळी ११ वाजता 'फ्री' ही कमांड चालवून घेतलेले आकडे, जीबीत: एकूण ७.७, मोकळी ०.२, शेअर्ड १.८, बफ-कॅश २.९, अव्हेलेबल १.१. स्वॅप २.० पैकी १.७ भरलेला.

मोकळी फक्त ०.२ बघून ऑफिसमधला मुलगा घाबरला. लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही, वाचलेल्या फाइली तिच्यात धरून ठेवतं, म्हणून तो रकाना नेहमीच लहान दिसतो. बघायचा तो अव्हेलेबल. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून मेमइन्फो नावाच्या फाइलीत हा अंदाज ते स्वतःच देतं: स्वॅपला हात न लावता नव्या कामाला किती मेमरी देता येईल.

इथे आणखी एक गोष्ट आहे. बफ-कॅश २.९ म्हणजे तेवढी सगळी सोडवता येईल असं नाही. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर, म्हणजे त्याच्या सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी, याच रकान्यात मोजले जातात आणि ते फाइल-कॅशसारखे टाकून देता येत नाहीत. २.९ मधून शेअर्डचे १.८ वजा केले की उरतात १.१. अव्हेलेबल इतका कमी का, त्याचं उत्तर तिथेच मिळतं.

६ जानेवारी

स्वॅपमध्ये कोण बसलंय ते बघितलं. प्रॉक या फोल्डरात कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं. तिथे प्रत्येक प्रोसेसच्या स्टेटस फाइलीत 'व्हीएमस्वॅप' अशी ओळ असते. सगळ्यांच्या ओळी काढून उतरत्या क्रमानं लावल्या. जावा १.० जीबी. त्याच्या खाली चित्ररूप लॉगिनचा पडदा आणि त्याची पिलावळ, मिळून साधारण १५० एमबी. सर्व्हरला मॉनिटरच जोडलेला नाही, तो पडदा कुणी बघत नाही. त्यानं स्वॅपमध्ये झोपून राहणं हा स्वॅपचा उत्तम उपयोग आहे. बाकी किरकोळ.

बेरीज १.३ होते, भरलेला आहे १.७. फरक हरवलेला नाही. व्हीएमस्वॅप फक्त प्रोसेसची खासगी पानं (पान म्हणजे मेमरीचा छोटा तुकडा) मोजतो. शेअर्ड मेमरीची जी पानं स्वॅपमध्ये गेली ती त्यात येत नाहीत. म्हणजे उरलेली ०.४ मुख्यतः पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफरांची.

हाच घोळ रॅममध्येही होतो, उलट्या बाजूनं. 'टॉप'मधला आरईएस (प्रोसेसनं रॅममध्ये व्यापलेली जागा) रकाना बघून पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेसांची बेरीज केली तर मशीनमध्ये आहे त्यापेक्षा जास्त रॅम निघते, कारण शेअर्ड पानं प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा चढतात. खरी वाटणी हवी असेल तर पीएसएस बघावा. तो सामाईक पान जितक्या प्रोसेसांत आहे तितक्यांत विभागून मोजतो. 'एसमेम' नावाचं हत्यार ते नीट दाखवतं.

८ जानेवारी

आज संध्याकाळी पाचपासून गेटजवळच्या डिस्पॅच खोलीत बसलो. आकडे जिथे त्रास होतो तिथे बसून बघावेत, या मताचा मी आहे.

गाठी बांधून रांगेत. प्रत्येक गाठीला बारकोडचं लेबल लागतं, लेबलांवरून चलन, चलनावरून ई-वे बिल, आणि ते हातात आल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. न्हावाशेव्याला जाणारी एक गाडी आणि दोन टेम्पो उभे. ५:४० ला लेबल प्रिंटर अर्ध्या लेबलावर थांबला. क्लार्कबाई म्हणाल्या, "बघा की ओ दादा, रोज याच टायमाला." ड्रायव्हर खिडकीशी येऊन उभा राहिला. बाईंनी बटण पुन्हा दाबलं नाही. दोनदा दाबलं की दोनदा लेबल निघतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक आहे.

माझ्या लॅपटॉपवर सर्व्हरचा 'व्हीएमस्टॅट', मेमरी आणि डिस्कची हालचाल दाखवणारी कमांड, पाच-पाच सेकंदांनी चालू होता. त्याची पहिली ओळ सोडून द्यायची, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत 'एसआय' म्हणजे स्वॅपमधून आत येणारं आणि 'एसओ' म्हणजे बाहेर जाणारं, दोन्ही सेकंदाला केबीत. साडेपाचपर्यंत दोन्हीकडे शून्य, मधूनच एखादा आकडा. ५:४० पासून एसआय २,९०० ते ३,३०० च्या दरम्यान अडकून बसला, एसओ हजाराच्या आसपास. 'बी' रकान्यात, म्हणजे डिस्कची वाट बघत खिळलेल्या प्रोसेसांत, ९. सीपीयूचा 'डब्ल्यूए', म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, सत्तर टक्क्यांच्या वर. तीन मिनिटांनी सगळं एकदम सुटलं आणि प्रिंटरनं लेबल पूर्ण केलं.

३,००० केबी म्हणजे जेमतेम ३ एमबी. हा आकडा लहान दिसतो म्हणूनच फसवा आहे. फिरत्या डिस्कला विखुरलेल्या जागांहून सेकंदाला साधारण शंभर वाचनं जमतात. कर्नल स्वॅपमधून वाचताना एका वेळी ८ पानं उचलतं, ४ केबीचं एक पान, म्हणजे ३२ केबी. शंभर गुणिले ३२, ३,२०० केबी. डिस्क आळशी नव्हती, तिच्या टोकाला होती. जावाची ६०० एमबी पानं या वेगानं परत आणायची तर तीन मिनिटं लागतातच.

आणि ती आणावी लागतात, कारण जावाचा कचरा गोळा करणारा भाग वापरात असलेला सगळा हीप, म्हणजे प्रोग्रामचा डेटा राहतो ती जावाची मेमरी, चाळतो. माणसानं आठवडाभर न उघडलेली ऑर्डरही त्यानं हात लावली की स्वॅपमधून उठून येते. साध्या प्रोग्रामचा झोपलेला भाग झोपलेलाच राहतो. जावाचा राहत नाही. जावाचा हीप स्वॅपमध्ये जाऊ देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

आजच्या माझ्या नोंदवहीत आणखी एक खूण सापडली. दर १५ सेकंदांनी ओळ लिहिणारी स्क्रिप्ट ५:४१:१५ नंतर थेट ५:४२:०५ ला बोलली. देखरेख करणाऱ्यालाच मेमरी मिळत नव्हती. ओळींमधली ही फट हाही पुरावाच धरायचा.

९ जानेवारी

मशीनवर 'सार' हे नोंदी ठेवणारं हत्यार आधीपासून होतं, पण ते दर दहा मिनिटांनी नोंद घेतं. तीन मिनिटांचा गळफास दहा मिनिटांच्या सरासरीत विरून जातो, आणि मग आलेखाकडे बोट दाखवून कुणीही म्हणू शकतं की काहीच झालं नाही. अंतर एका मिनिटावर आणलं.

त्याहून महत्त्वाचं, प्रॉकमधल्या प्रेशर फोल्डरातली मेमरीची फाइल नोंदायला घेतली. याला पीएसआय म्हणतात, ४.२० कर्नलपासून आहे. काही वितरणांत ते बंद ठेवलेलं असतं आणि बूटच्या ओळीत 'पीएसआय=१' द्यावं लागतं; इथे चालू होतं. फाइलीत दोनच ओळी. 'सम' म्हणजे किमान एक काम मेमरीसाठी थांबलं होतं असा वेळ, 'फुल' म्हणजे जी कामं करायची होती ती सगळीच्या सगळी थांबली होती असा वेळ. दोन्हींची टक्केवारी मागच्या १०, ६० आणि ३०० सेकंदांची.

आतापर्यंतचे सगळे आकडे भांड्यात किती आहे ते सांगत होते. पीएसआय सांगतो की लोक किती थांबले. ड्रायव्हर खिडकीशी उभा राहतो तो याच आकड्यासाठी. आज ५:४३ ला फुलचा दहा सेकंदांचा आकडा ५८ होता. दुपारी दोनला ०.००. दोन्ही वेळी स्वॅप १.७ च भरलेला.

१४ जानेवारी

संक्रांत. सिद्धेश्वरांचा गड्डा, निम्म्याहून जास्त कामगार यात्रेत, माग बंद, डिस्पॅच बंद. सर्व्हर मात्र चालू ठेवायला सांगितला होता, कारण असा दिवस मला हवाच होता. घरूनच आकडे घेतले.

स्वॅप १.७. इशारा नेहमीप्रमाणे आला. एसआय आणि एसओ दिवसभर शून्य, पीएसआय शून्य.

एकदा बाहेर गेलेलं पान कुणी हात लावेपर्यंत बाहेरच राहतं. कर्नल ते आपणहून परत आणत नाही, आणायचं कारणही नाही. म्हणून भरलेला स्वॅप आत्ताची अडचण दाखवत नाही, मागे कधीतरी ओढाताण झाली होती एवढंच दाखवतो. आजचा आलेख जपून ठेवला आहे, मालकांना दाखवायला.

१६ जानेवारी

प्रोग्रामवाल्या कंपनीचा निरोप आला: रोज रात्री 'स्वॅपऑफ' करून 'स्वॅपऑन' करा आणि 'ड्रॉप कॅशेस'मध्ये (कॅश रिकामी करायला लावणारी कर्नलची फाइल) ३ लिहा, म्हणजे मेमरी साफ राहील.

मी नाही म्हटलं आणि कारणं लिहून पाठवली. स्वॅपऑफ म्हणजे स्वॅपमधलं सगळं रॅममध्ये कोंबणं. इथे अव्हेलेबल १.१ आणि स्वॅपमध्ये १.७, ते मावणार नाही, आणि मग एकतर कमांड अर्ध्यावर सोडून देईल किंवा कर्नल एखादी प्रोसेस मारेल. ती पोस्टग्रेसची निघाली तर सकाळी कोण उत्तर देणार? ड्रॉप कॅशेसनं कामाच्या फाइली रॅममधून जातात आणि सकाळी पहिल्या तासात त्याच डिस्कवरून पुन्हा वाचाव्या लागतात. दोन्हींनी आलेख देखणा होतो. संध्याकाळी ५:४० चा त्रास आहे तिथेच राहतो.

दुपारी मालकांनी विचारलं, "मग स्वॅप भरलेला असला तरी चालतो म्हणता?" त्यांना म्हटलं, घरातला माळा भरलेला असला तर काय बिघडतं? दर पाच मिनिटांनी शिडी लावावी लागली तर बिघडतं. त्यांनी गड्ड्याच्या दिवसाचा आलेख आणि ८ तारखेचा आलेख शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितले, आणि इशारा बदलायला लगेच हो म्हणाले.

१९ जानेवारी

सापडलं.

संध्याकाळी पोस्टग्रेसमधल्या चालू क्वेऱ्यांची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची यादी, म्हणजे 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी', दर दहा सेकंदांनी फाइलीत टाकत होतो. ५:३८ ते ५:४१ च्या दरम्यान एकच अहवाल तीन जोडण्यांवरून चालू: 'शिल्लक गाठी'. हेमिंग, पॅकिंग आणि डिस्पॅच, तिन्ही टेबलांवरचे क्लार्क माल भरायच्या आधी तोच अहवाल काढतात. त्यांचं बरोबरच आहे, गाठी न मोजता गाडी भरायची कशी?

गडबड 'वर्क मेम' या पोस्टग्रेसच्या मेमरी-मर्यादेच्या सेटिंगमध्ये होती. पोस्टग्रेसचं मूळ मूल्य ४ एमबी. इथे बसवतानाच २५६ केलेलं. नाव वाचून वाटतं की हा एका जोडणीचा हिस्सा. तसं नाही. क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला (क्रम लावणं) आणि प्रत्येक हॅशला (जुळवणीसाठी मेमरीत केलेला तक्ता) तो वेगळा मिळतो, आणि पोस्टग्रेस १५ पासून हॅशला दुप्पट मुभा आहे. या अहवालात दोन सॉर्ट, एक हॅश. २५६ अधिक २५६ अधिक ५१२, म्हणजे एका अहवालाला १ जीबीपर्यंत. तीन टेबलांचे ३ जीबी. अव्हेलेबल १.१.

अव्हेलेबलच्या वर लागणारी मेमरी कुठून आणायची? स्वॅपमध्ये जागा होती तेवढी कर्नलनं जावाकडून घेतली, कारण जावाचा हीप तेव्हा निवांत दिसत होता. दोन मिनिटांत लेबल छापायची वेळ आली आणि तोच हीप परत मागितला गेला. एसआय आणि एसओ एकाच वेळी चढलेले का होते, ते यातून कळतं.

२० जानेवारी

बदल, मालकांना विचारून, सुट्टीनंतर.

वर्क मेम सगळ्यांसाठी ८ एमबी. अहवाल काढणाऱ्या डेटाबेस युजरला फक्त ६४, म्हणजे अहवालाला जास्तीत जास्त २५६ आणि तिघांचे मिळून ७६८. त्यात मावला नाही तर पोस्टग्रेस सॉर्ट डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत करेल. 'लॉग टेम्प फाइल्स' चालू केलं, म्हणजे किती वेळा आणि केवढी फाइल पडते ते दिसेल.

ऑफिसमधल्या मुलानं चांगला प्रश्न विचारला: "दादा, तेही डिस्कवरच जाणार आणि हेही डिस्कवरच. मग फरक काय पडला?" फरक हा की तात्पुरती फाइल ओळीनं लिहिली जाते आणि ओळीनं वाचली जाते, त्या चालीत हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या घरात जाते. स्वॅपमधून विखुरलेली पानं उचलताना तिला जेमतेम ३ जमत होते. शिवाय तात्पुरत्या फाइलीची झळ फक्त अहवाल काढणाऱ्याला बसते. स्वॅपची झळ लेबल छापणाऱ्या बाईंना बसत होती, ज्यांचा त्या अहवालाशी संबंधही नव्हता.

जावाचा हीप ३ जीबीवरून २ वर. आधी कचरा गोळा करण्याची नोंद तपासली: पूर्ण सफाईनंतर १.१ जीबीच खरोखर वापरात राहतात, त्यामुळे २ भरपूर आहेत.

'स्वॅपीनेस' हे कर्नलचं सेटिंग ६० होतं, तसंच ठेवलं. त्याला १० करा असा सल्ला सगळीकडून येतो. हा आकडा रॅम अमुक टक्के भरल्यावर स्वॅप सुरू करा असं सांगत नाही. फाइलींची पानं टाकणं आणि प्रोसेसची पानं स्वॅपमध्ये पाठवणं, यांतलं कर्नलला कोणतं महाग धरायचं, एवढंच त्यात ठरतं, ५.८ कर्नलपासून तो २०० पर्यंत जातो. मागणीच रॅमपेक्षा मोठी असेल तर त्यानं काही सुटत नाही. आणि आज दोन बदल झालेच आहेत, तिसऱ्यानं कुणामुळे काय झालं ते कळेनासं होईल.

२३ जानेवारी

संध्याकाळी पुन्हा डिस्पॅच खोलीत. ५:३९ ला तिन्ही टेबलांचा अहवाल सुरू. एसआय एकदा १८० झाला, मग शून्य. फुलचा दहा सेकंदांचा सगळ्यात मोठा आकडा १.४. लॉगमध्ये तीन तात्पुरत्या फाइली. अहवाल आधीच्या निवांत वेळेपेक्षा पंधराएक सेकंद जास्त घेतो, पॅकिंगच्या क्लार्कला ते जाणवलं आणि त्यांनी तसं सांगितलंही. लेबलं अखंड निघाली. गाडी सहाच्या आत गेटबाहेर.

२७ जानेवारी

इशारे नव्यानं बसवले. स्वॅप ८० टक्क्यांचा इशारा काढून टाकला.

मुख्य इशारा पीएसआयवर: फुलचा ६० सेकंदांचा आकडा १० च्या वर गेला की फोन. दुसरा, अव्हेलेबल एकूण रॅमच्या ५ टक्क्यांखाली आणि त्याच वेळी स्वॅपमध्ये १० टक्केही जागा नाही. स्वॅप किती भरला याला अर्थ आहे तो इथे: दोन्हीकडच्या वाटा संपल्या की कर्नलचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा भाग, उठतो. तिसरा, प्रॉकमधल्या व्हीएमस्टॅट फाइलीतला 'ओओएम किल' मोजणी आकडा वाढला की. तो शून्यावरून एक जरी झाला तरी मला रात्रीही उठवावं. चौथा इशारा या मशीनवरून निघतच नाही. शेजारच्या मशीनला दर मिनिटाला 'मी आहे' असा निरोप जातो, तो दोन मिनिटं आला नाही तर तिकडून फोन. ८ तारखेची ५० सेकंदांची फट त्यामागे आहे.

पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला ओओएमपासून वाचवलं, तिचा 'ओओएम स्कोर ॲडजस्ट' उणे १०००. तिच्या पोटच्या प्रोसेसांचा मात्र ०, म्हणजे एखादी बेफाम क्वेरी मेली तर मरू दे.

३० जानेवारी

बॅकअपचं मशीन फ्रीबीएसडीवर आहे, लिनक्सहून वेगळी प्रणाली; फाइल सिस्टिम झेडएफएस. तिथे मेमइन्फो नाही, पीएसआयही नाही. स्वॅप बघायला 'स्वॅपइन्फो'. 'टॉप'मध्ये वायर्ड (स्वॅपमध्ये न जाणारी मेमरी) प्रचंड दिसतं कारण झेडएफएसचा एआरसी नावाचा कॅश त्यातच मोजला जातो. गरज पडली की तो आकसतो. व्हीएमस्टॅट नावाची कमांड आहे, पण तिच्या 'पीआय' आणि 'पीओ' रकान्यांत फाइलींची पानंही येतात. निव्वळ स्वॅपचा आकडा हवा तर 'सिसकंट्रोल'मधून स्वॅपमधून आत आलेल्या पानांचा मोजणी आकडा घ्यायचा आणि दोन वेळांतला फरक काढायचा. तेवढं केलं. मशीनवर ताण नाही, जास्त वेळ दिला नाही.

३ फेब्रुवारी

मालकांचा प्रश्न: रॅम घ्यायची की नाही? आजच्या कामाला नाही. पैसे घालायचेच असतील तर आधी फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, कारण अहवाल, बॅकअप आणि कधीमधी होणारं स्वॅप, तिन्ही तिच्यावरच उभे आहेत. उन्हाळ्यानंतर चौथं टेबल येणार आहे. तेव्हा अहवालाचे आणखी २५६ एमबी धरून हिशेब पुन्हा करायचा.

बाकी राहिलेलं: रात्री दोनच्या बॅकअपच्या वेळी 'सम' ६ पर्यंत चढतो, फुल ०.५. कुणाला त्रास नाही, पण कशामुळे ते बघायचं आहे. लॉगिनचा चित्ररूप पडदा बंद करायला मालकांची परवानगी मिळाली, या रविवारी करतो. क्लार्कबाईंना पीएसआयचा आलेख त्यांच्या स्क्रीनवर हवा आहे, जोडून द्यायचा.